समूहमनाचें शास्त्र आणि पोहरादेवीची यात्रा

कोणत्याहि शास्त्राची खरी परीक्षा तें जेथें जन्मलें तेथें होत नाहीं. जेथें त्याची कोणास ओळख नाहीं अशा मुलखांत होते. सामाजिक मानसशास्त्राविषयीं ही गोष्ट विशेषच खरी आहे. मनुष्य चार माणसांत आला म्हणजे त्याचें मन कसें चालतें, हा या शास्त्राचा प्रश्न होय. हें नांव धारण करणारे दोन इंग्रजी ग्रंथ १९०८ सालीं निघाले. विल्यम मॅक्डूगल यांनीं माणसाच्या उपजत प्रवृत्तींवर भर दिला, तर एडवर्ड रॉस यांनीं अनुकरण व सूचना यांवर. म्हणजे मूळ व्यक्तींत शोधावयाचें कीं समाजांत, हा वाद पायाभरणीच्या दिवशींच सुरू झाला, आणि तो अद्याप मिटलेला नाहीं. हें शास्त्र वाशीम जिल्ह्यांतील पोहरादेवीच्या यात्रेंत आणून उभें केलें तर त्यास काय दिसेल आणि काय दिसणार नाहीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

मानोरा तालुक्यांतील हें गांव बंजारा समाजाची काशी मानलें जातें. संत सेवालाल महाराज (१७३९–१८०६) यांची समाधि व जगदंबेचें मंदिर येथें आहे. रामनवमीस महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, तेलंगण व आंध्र या प्रांतांतूनहि यात्रेकरू येतात. यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर लदेणीचा व्यापार करीत. आगगाडी आली, पक्क्या सडका झाल्या, आणि तो धंदा बसला. तांडे जागोजाग स्थिरावले. परंतु तांडा, त्याचा नायक आणि गोर बोली हीं टिकून राहिलीं. ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं या समाजाच्या वारशाचें संग्रहालयहि पोहरादेवीस उघडलें गेलें. तेव्हां येथें जमणारा समुदाय म्हणजे वाटेवर अकस्मात् गोळा झालेली गर्दी नव्हे, हें आरंभींच ध्यानांत ठेवावें.

समुदायाच्या मनाविषयीं सर्वांत गाजलेलें पुस्तक फ्रेंच लेखक ग्युस्ताव्ह ल बाँ यांचें. तें १८९५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांच्या मतें जमावांत शिरतांच व्यक्तीचा विवेक मावळतो, जबाबदारीची जाणीव नाहींशी होते, आणि एकाचा आवेश दुसऱ्यास सांथीसारखा जडतो. हें मत इतकें रुजलें आहे कीं, गर्दीला डोकें नसतें असें आपणहि सहज बोलून जातों. परंतु हा सिद्धान्त कोणत्या अवलोकनावर उभा आहे, असें विचारतां उत्तर निराशाजनक मिळतें. जमावांतील माणसांची पद्धतशीर चौकशी ल बाँ यांनीं केलेली नाहीं. फ्रेंच राज्यक्रांतीचे इतिहास आणि १८७१ च्या पॅरिस कम्यूनची धास्ती यांतून त्यांनीं आपला जमाव रचला. माडीच्या खिडकींतून रस्त्याकडे भीत भीत पाहणाऱ्या गृहस्थाचें तें शास्त्र आहे.

अशा दृष्टीचें फळ केवळ पुस्तकांत राहत नाहीं. ज्या १८७१ सालीं पॅरिसमध्यें तो उठाव झाला, त्याच सालीं हिंदुस्थान सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. समूहाचें एकच मन असतें आणि तें जन्मतःच ठरलेलें असतें, हीच समजूत त्याच्या मुळाशीं होती. मनुष्यानें काय केलें हें पाहण्याऐवजीं तो कोणत्या जमातींत जन्मला हें पाहावयाचें, त्याचें नांव नोंदवावयाचें आणि त्याच्या हालचालींवर पाळत ठेवावयाची, अशी ती रीत होती. फिरस्ता धंदा हाच संशयाचा पुरावा ठरला, आणि कांहीं भागांत बंजाऱ्यांच्या गटांवरहि हा शिक्का बसला. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. 'विमुक्त' हा शब्द त्या सुटकेची आठवण देतो. समूहमनाच्या सिद्धान्ताची चिकित्सा ही केवळ पंडितांची करमणूक नाहीं, हें यावरून दिसून येईल.

ल बाँ यांच्या विरुद्ध टोक फ्लॉइड ऑलपोर्ट यांनीं १९२४ सालीं गांठलें. समूहमन म्हणून कांहीं नाहींच; जें आहे तें व्यक्तीचें मन, असें त्यांनीं ठणकावून सांगितलें व प्रयोगाचा आग्रह धरला. या आग्रहानें शास्त्रास शिस्त आली हें मान्य केलें पाहिजे. मुझफर शेरीफ यांनीं १९३६ सालीं अंधाऱ्या खोलींतील स्थिर प्रकाशबिंदूचें भासमान चलन दाखवून, इतरांच्या अंदाजाकडे आपला अंदाज कसा झुकतो हें दाखविलें. सॉलोमन ॲश यांनीं १९५१ सालीं रेघांच्या लांबीविषयीं तोच प्रश्न अधिक बिकट करून विचारला : डोळ्यांस एक दिसत असतां सर्वजण दुसरेंच सांगूं लागले तर मनुष्य काय करील? कित्येकजण बहुमतास वश झाले, कित्येक ठाम राहिले.

हे प्रयोग सुंदर आहेत. परंतु त्यांची मर्यादा त्यांच्या सौंदर्यांतच आहे. खोलींत आणलेलीं माणसें एकमेकांस अपरिचित. त्यांचा संबंध तासाभराचा. हेन्री ताजफेल यांनीं १९७०–७१ च्या सुमारास ब्रिस्टल येथील शाळकरी मुलांचे, चित्रांच्या आवडीचें नुसतें निमित्त करून, दोन गट पाडले. तेवढ्यानेंहि मुलें आपल्या गटास झुकतें माप देऊं लागलीं. यावरून स्व-पर भेदास किती थोडें कारण पुरतें हें कळलें. तो भेद पिढ्यान्पिढ्या कशानें टिकतो हें मात्र कळलें नाहीं. बंजारे स्वतःस 'गोर' म्हणवितात व परक्यास 'कोर' म्हणतात. या दोन शब्दांत लदेणीच्या वाटा, तांड्याचा न्याय, सोयरीक आणि परक्यांचा संशय हें सर्व सांठलेलें आहे. मिनिटांत पाडलेल्या गटाच्या मापानें तें मोजूं पाहणें म्हणजे पायलीचें धान्य चिपट्यानें एकदांच मोजून मोकळें होणें होय.

शास्त्राच्या घरांतूनहि अशाच शंका निघाल्या आहेत. मानसशास्त्राच्या प्रमुख अमेरिकन नियतकालिकांतील सुमारें ९६ टक्के प्रयोगपात्रें पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील असल्याची गणना २००८ सालीं प्रसिद्ध झाली. पुढें २०१५ सालीं शंभर प्रयोग पुन्हां करून पाहण्यांत आले, तेव्हां केवळ ३६ टक्क्यांतच पूर्वीसारखा स्पष्ट निष्कर्ष हातीं आला. म्हणून प्रयोग टाकून द्यावेत असें नव्हे. प्रयोगाच्या खोलीबाहेरची जागा शास्त्रानें ओळखावी, एवढेंच.

ती जागा आपल्या देशांत पूर्वींच सांपडली होती. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनीं लोकांत उठलेल्या अफवा गोळा केल्या. धक्का बसला पण हानि झाली नाहीं अशा भागांतहि याहून भयंकर संकट येणार अशा वार्ता फिरत होत्या. भीति आधीं होती. अफवा तिला कारण पुरवीत होती, असा अर्थ लिऑन फेस्टिंगर यांनीं यांतून काढला, आणि १९५७ च्या त्यांच्या प्रसिद्ध सिद्धान्तास या अफवांनीं चालना दिली. बाजारांत ऐकलेल्या बोलण्यानें प्रयोगशाळेस विषय दिला, ही गोष्ट आमच्या अभ्यासकांनीं विसरूं नये.

अलीकडचें उदाहरण प्रयागच्या माघमेळ्याचें. भारतीय व ब्रिटिश संशोधकांनीं महिनाभर राहणाऱ्या ४१६ कल्पवासीयांस आणि मेळ्यास न गेलेल्या १२७ जणांस मेळ्यापूर्वीं व मेळ्यानंतर प्रश्न विचारले. निष्कर्ष २०१२ सालीं छापले. थंडी, गोंगाट व अस्वच्छता सोसूनहि कल्पवासीयांनीं आपलें स्वास्थ्य तुलनेनें सुधारल्याचें सांगितलें. ल बाँ यांस यापेक्षां सडेतोड उत्तर क्वचित् मिळालें असेल. तथापि येथेंहि दोष काढतां येतो. कोणीं मेळ्यास जावें हें चिठ्ठ्या टाकून ठरविलेलें नव्हतें; जाणाऱ्याची श्रद्धा, सवड व प्रकृति आधींपासूनच निराळी असूं शकते. शिवाय स्वास्थ्य मोजलें तें सांगणाऱ्याच्या शब्दांवरून. परंतु भाविकास चिठ्ठी टाकून यात्रेस धाडणें शक्य नाहीं, आणि योग्यहि नाहीं. हा दोष संशोधकांचा नसून विषयाचा आहे.

पोहरादेवीस असा अभ्यास करूं जाणाऱ्यापुढें पहिली अडचण गणनेचीच येईल. तेथें शेजारीं शेजारीं बसलेल्या तीन यात्रेकरूंपैकीं तेलंगणचा सरकारी सूचींत अनुसूचित जमातींत, कर्नाटकाचा अनुसूचित जातींत, आणि महाराष्ट्राचा विमुक्त जातींत गणला जातो. त्यांची बोली जनगणनेंत हिंदीखालीं मांडली जाते. सूचीच्या रकान्यालाच गट समजणारा अभ्यासक एका समूहाचे तीन तुकडे करील आणि त्यांतील फरकांस मानसिक कारणें शोधीत बसेल. दुसरी अडचण भाषेची. इंग्रजी प्रश्नावलींतील एका सर्वनामासाठीं मराठींत 'आम्ही' कीं 'आपण' हें आधीं ठरवावें लागतें. 'आम्ही' म्हटलें कीं विचारणारा बाहेर राहिला. 'आपण' म्हटलें कीं तो आंत आला. सामाजिक मानसशास्त्राचा अर्धा प्रश्न या एका निवडींत आहे, आणि तेवढ्यावरून उत्तर पालटेल.

तिसरी गोष्ट अशी कीं, जागा एक म्हणून समुदाय एक नव्हे. फेब्रुवारी २०२१ मध्यें, करोनाच्या सांथींत निर्बंध असतांना, याच गांवीं एका राजकीय प्रसंगानें हजारों लोक जमले व त्यावर योग्य अशी टीका झाली. परंतु त्या गर्दीवरून रामनवमीच्या यात्रेचा स्वभाव ठरविणें, किंवा दोहोंवरून समाजाचा, हा तोच जुना १८७१ चा तर्क होय. प्रत्येक वेळीं कोण कशासाठीं आले, कोणास आपलें मानून आले, हें स्वतंत्रपणें विचारलें पाहिजे.

सारांश, समूहास एकच मन आहे कीं नुसतीं सुटीं मनें आहेत, हा वाद आम्हांस दुय्यम वाटतो. मनुष्य ज्या समूहास 'आपण' म्हणतो त्याची सीमा त्याच्याच तोंडून जाणून घेणें, हा या शास्त्राचा खरा पाया होय. मोजमाप त्याच्या नंतरचें. पोहरादेवीस जाणाऱ्या अभ्यासकानें प्रश्नावली अवश्य न्यावी. पण आधीं गोर बोली शिकावी, तांड्यांत कांहीं दिवस राहावें, आणि आपण त्यांच्या हिशेबीं 'कोर' आहों हें आपल्या टिपणाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावें.