शब्दांवरून स्पॅमची पारख

नको असलेल्या जाहिरातींच्या ईमेलला स्पॅम म्हणतात. ती ओळखण्याची रीत सांगणारा पॉल ग्रॅहम यांचा 'अ प्लॅन फॉर स्पॅम' (२००२) हा लेख आम्हांला संभाव्यतेच्या तासासाठी उपयुक्त वाटतो. नकोशा व हव्या अशा प्रत्येकी सुमारे ४,००० पत्रांतील शब्द त्यांनी मोजले. नव्या पत्रातील सर्वांत बोलक्या १५ शब्दांवरून ते स्पॅम असण्याची संभाव्यता काढली. चांगले पत्र चुकून गाळले जाऊ नये म्हणून हव्या पत्रांतील शब्दांची मोजणी दुप्पट धरली. हा विवेक आम्हांला विशेष आवडला. परंतु गाळणी सुधारली की पाठवणारेच थांबतील, ही लेखकाची आशा फोल ठरली. पाठवण्याचा खर्च नगण्य असल्याने ते थांबत नाहीत, शब्द बदलतात. वर्गात गणिताबरोबर ही मर्यादाही सांगावी.