मासा, वाघ आणि वांगं

माणसाने आयुष्यात एखादं मोठं ध्येय ठेवावं, असं आमच्या शाळेच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं. त्याच्याच खाली 'येथे थुंकू नये' असंही लिहिलेलं होतं. या दोन आज्ञांपैकी आपल्याला झेपेल तेवढी एक पाळावी, असं मी लहानपणीच ठरवून टाकलं. त्यामुळे आज पंचाहत्तरी उलटली तरी मी पुण्याच्या रस्त्यावर एकदाही थुंकलेलो नाही. ध्येयाचं मात्र राहून गेलं.

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या रविवारची मंडई. घरून निघालो होतो वांग्यांसाठी. 'काटेरी बघून आणा, आणि किडकी नकोत' असा हिचा स्पष्ट हुकूम होता. पण वाटेतल्या रद्दीच्या दुकानापाशी पाय अडकला. हा माझा जुना रोग आहे. तिथे इंग्रजी मासिकांचा एक गठ्ठा पडला होता आणि वरच्याच अंकाच्या मुखपृष्ठावर एक लालबुंद गृहस्थ एका मेलेल्या एडक्याची शिंगं दोन्ही हातांनी धरून, पोटचा मुलगा मॅट्रिक झाल्यासारखे हसत होते. एवढा आनंद कशाचा, हे कळावं म्हणून मी तो अंक दहा रुपयांना घेतला आणि मंडईच्या पायरीवर बसून वाचायला लागलो.

अंकात एक लेख होता, तो आयुष्यात काय काय मारायचं आणि काय काय गळाला लावायचं याच्या यादीचा. आपण काशी, रामेश्वर आणि नातवाची मुंज अशी यादी करतो, तशी ही या मंडळींची यादी. उत्तर अमेरिकेत रानमेंढ्यांचे चार प्रकार आहेत. चारही मारले की त्याला म्हणे 'ग्रँड स्लॅम' म्हणतात. आफ्रिकेत सिंह, बिबळ्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस हे पाच, म्हणजे 'बिग फाइव्ह'. मग समुद्रातला मार्लिन. एवढं सगळं झालं की माणूस मरायला मोकळा. मेंढ्या मारण्यात पराक्रम कसला, हे मात्र मला कळेना. आमच्याकडे धनगर जन्मभर मेंढ्यांच्या मागे फिरतो, त्या जगाव्यात म्हणून. त्याला कुणी ग्रँड स्लॅम दिल्याचं ऐकिवात नाही.

आता मी काही समीक्षक नव्हे. पण मंडईत पन्नास वर्षं भाजी घेतलेल्या माणसाला निवडण्याची थोडी नजर येतेच. भेंडीचं काय करतात? टोक मोडून पाहतात. कट्कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. (भाजीवाली ओरडते, हा भाग वेगळा.) शिकारीच्या आणि मासेमारीच्या पुस्तकांचंही तेच करावं, असं माझं मत आहे. सावज हाती लागल्यावर पुढे काय होतं, ते पुस्तकाचं टोक. तिथे काही मोडलं तर पुस्तक खरं. नाहीतर नुसत्या शिरा.

या कसोटीला तो रद्दीतला लेख लावला, तर टोक वाकतं, मोडत नाही. एडका पडला, शिंगांची लांबी इंचात मोजली, फोटो काढला, पुढचा प्राणी. एवढी वणवण केलेल्या माणसाला त्या एडक्याबद्दल सांगण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे माप. हे तर आमच्या मंडईतला तराजूही सांगतो.

पण म्हणून सगळ्याच शिकारकथा रद्दीत घालू नयेत. जिम कॉर्बेटचंच पाहा. 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' हे त्याचं १९४४ सालचं पुस्तक माझ्या पिढीने उशाला घेऊन वाचलं. त्यात पोवळगढच्या 'ब्रह्मचारी' वाघाची गोष्ट आहे. १९२० ते १९३० अशी दहा वर्षं त्या प्रांतातले सगळे शिकारी या एका वाघाच्या मागे होते. आयुष्यात मारावा तर हाच, असा. शेवटी कॉर्बेटने तो मारला. भरला १० फूट ७ इंच. गोष्ट उत्तम सांगितली आहे, अंगावर काटा येतो. पण पुस्तक मिटल्यावर मनात एक शंका घोळत राहते : या वाघाने कुणाचं काय घोडं मारलं होतं? तो नरभक्षक नव्हता. त्याचा गुन्हा एवढाच की तो मोठा होता. कॉर्बेटसारख्या भल्या माणसाच्या पुस्तकातही ही एक भेंडी जून निघाली, असं मी नम्रपणे नमूद करतो.

आता याच लेखकाचं रुद्रप्रयागच्या बिबळ्याचं पुस्तक घ्या. सव्वाशे माणसं खाल्लेला बिबळ्या. १९२६ साली तो मेला. इथे इंच मोजायचे आणि फुशारकी मारायची ती हीच जागा. पण मेलेला बिबळ्या पाहून कॉर्बेट काय म्हणतो, तर हा एक म्हातारा बिबळ्या होता आणि त्याचा अपराध निसर्गाच्या कायद्यापुढे नव्हता, माणसाच्या कायद्यापुढे होता. कट्कन मोडलं बघा टोक! आणि हाच माणूस पहिल्या पुस्तकाच्या अखेरीस सांगून बसला होता की चांगला फोटो काढण्यात जो आनंद आहे, तो कातडं मिळवण्यात नाही. आपल्याकडे वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला १९७२ साली. कॉर्बेटने स्वतःपुरता तो बराच आधी करून ठेवला होता.

मला स्वतःला त्या पुस्तकातलं सर्वात आवडतं प्रकरण वाघाचं नाहीच. स्वप्नातल्या माशाचं आहे. एवढे वाघ मारणारा माणूस स्वप्न बघतो ते महासीर माशाचं, हे वाचून मी चमकलो होतो. कारण अगदी हेच स्वप्न बघणारा एक माणूस आमच्या घरात होता.

ते म्हणजे आमचे मामा. राहायला नारायण पेठेत, नोकरी कारकुनाची, आणि आयुष्याचं ध्येय एकच : मुठेतली मोठी खुद्री. महासीरच्या आपल्याकडच्या जातीचं हे नाव. रविवारी मामा बांबूची काठी घेऊन ओंकारेश्वराच्या पलीकडे पाण्याशी बसत. मी डबा सांभाळायला. मिळायचे ते बोटाएवढे मासे, तेही मामा परत सोडून देत, कारण घरात मामी मासळी शिजवू द्यायची नाही. पण हातातून निसटलेली खुद्री ते हात पसरून दाखवत, आणि दर वर्षी त्यांचे हात थोडे जास्त पसरत. "अरे, घाई नाही. ती कुठे जात्येय? आणि मी तरी कुठे जातोय?" असं म्हणायचे.

मग १२ जुलै १९६१ उजाडला. पानशेत फुटलं. मामांच्या घरात माडीच्या पायऱ्यांपर्यंत पाणी चढलं. ओसरल्यावर हातभर चिखल, आणि कोपऱ्यात उभी केलेली ती काठी गायब. जन्मभर जो गळ नदीत टाकायचा, तो नदीच घरात येऊन घेऊन गेली. गावात माणसं गेली होती, वाडे भुईसपाट झाले होते. अशा वेळी एका काठीचं दुःख बोलून दाखवायची सोय नव्हती. मामांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. फक्त एकदा, चिखल काढताना, माझ्याशी म्हणाले, "ती आली असेल रे परवा इथपर्यंत. मीच माडीवर पळालो." त्यानंतर ते कधी नदीवर बसले नाहीत. रविवारी पिशवी घेऊन मंडईत यायला लागले.

हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'चं पु. ल. देशपांड्यांनी 'एका कोळियाने' या नावाने मराठी केलं, ते १९६५ साली. मूळ पुस्तक १९५२चं. मी कॉलेजात होतो. मोठ्या उत्साहाने ते मामांना नेऊन दिलं. नाव काय नेमकं आहे पाहा. कोळी म्हणजे मासे धरणारा आणि कोळी म्हणजे पडत पडत पुन्हा जाळं विणणाराही. मराठी शाळेत गेलेल्या कुणालाही पुस्तक उघडायच्या आधीच अर्धी गोष्ट कळते. चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा न मिळालेला म्हातारा सांतियागो, त्याला मिळालेला अठरा फुटी मार्लिन, आणि किनाऱ्यावर येईपर्यंत शार्कांनी खाऊन उरलेला नुसता सांगाडा. टोक म्हणाल, तर ते असं मोडतं की आवाज ऐकू येतो. एडक्यावाल्या गृहस्थांनी हे पुस्तक वाचलं असतं, तर पहिला प्रश्न विचारला असता, की याची नोंद कुठल्या वजनाने करायची?

मामांनी ते पुस्तक एका बैठकीत वाचलं. चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "याला निदान सांगाडा तरी मिळाला."

हेमिंग्वेवर मी पुढे पुष्कळ समीक्षा वाचली, जाड जाड वाचली. याहून नेमकं वाक्य मला कुठे सापडलेलं नाही.

मामा गेल्यावर कितीतरी वर्षांनी मला कळलं की, त्या माशाचं शास्त्रीय नावच 'टोर खुद्री' आहे. कर्नल साइक्स या इंग्रजाने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि आपल्या लोकांच्या तोंडचं नाव तसंच लॅटिनला चिकटवून दिलं. म्हणजे जगाच्या शास्त्रात जो मासा आमच्या नदीचा म्हणून नोंदलेला, तो आमच्या मामांना आमच्या नदीत मिळाला नाही. आज मुठेच्या पुलावरून वाकून पाहिलं तर जलपर्णी दिसते, प्लॅस्टिक दिसतं, आणि नाकाला रुमाल लावावा लागतो. ध्येय बाळगणाऱ्याने ध्येय गाठलं नाही, असं आपण नेहमी म्हणतो. ध्येयच आधी निघून गेलं तर काय म्हणायचं?

या सगळ्या प्रकारात मला खरा दिलासा दिला तो लोणावळ्याने. तिथे वळवणच्या धरणापाशी टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून महासीरची पैदास चालवली आहे. अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची आणि तळ्यांत-नद्यांत नेऊन सोडायची. मासा धरण्याऐवजी सोडण्याचं ध्येय! मामी खूश झाली असती.

हे सगळं मनात घोळत असताना मान वर करून पाहिलं तर समोर मंडईचा मनोरा. १८८६ साली ही इमारत उघडली तेव्हा शिकाऱ्याने भिंतीवर मुंडकं टांगावं तसं तिच्यावर गव्हर्नरसाहेबाचं नाव टांगलं होतं, 'रे मार्केट'. जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत या खर्चाला विरोध केला होता; हा पैसा शिक्षणाला द्या म्हणाले होते. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने साहेबाचं नाव उतरलं आणि फुल्यांचंच चढलं. भिंतीवर टांगलेल्या गोष्टींचं असं होतं.

"काका, वाचून झालं असंल तर वांगी घ्या की," समोरची भाजीवाली म्हणाली.

मी ढिगाकडे पाहिलं. वर पाणी मारून चमकवलेली चार वांगी, अशी की चित्रच काढावं. आणि मला एकदम 'मानसोल्लास' आठवला. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराचा हा ग्रंथ. त्यात मासे गळाला लावण्याचा राजाचा खेळ वर्णन केला आहे, आणि कोणत्या माशाला कोणतं खाद्य घालावं हे बारकाईने सांगितलं आहे. वरची चार वांगी म्हणजे ते खाद्य. पन्नास वर्षं मी स्वतःला या मंडईतला शिकारी समजत होतो!

"मावशी, किडकी निघाली तर?"

"कीड निघाली तर वांगं चांगलं समजा. औषध मारलेल्या वांग्याला कीड बी इचारत नाही." असं म्हणत तिने अर्धा किलो तोलून पिशवीत टाकलंसुद्धा. ओढलं, आणि मी आलो किनाऱ्याला.

घरी पोचलो तर ही विळी मांडून बसलेली. पहिलंच वांगं चिरलं. कीड. "अहो, पन्नास वर्षं झाली," ती म्हणाली, "एकदा तरी धड वांगं आणा हो." मी मावशींचा सिद्धान्त सांगून पाहिला. चालला नाही. पुस्तकांच्या टोकाचाही सांगणार होतो, पण तिच्या हातात भेंड्या नव्हत्या, विळी होती.

रात्री भरली वांगी मात्र झकास झाली होती. लसूण सोलायला तिने तोच अंक पसरला होता. पानं आवरताना पाहिलं, तर एडका आणि ते गृहस्थ दोघेही सालांखाली गेले होते. मी सालं झटकली, कागद पुरचुंडी करून कोपऱ्यात ठेवला आणि कपाटातून 'एका कोळियाने' काढलं. आत मामांच्या हस्ताक्षरात एक जुनी यादी निघाली : वांगी, कोथिंबीर, गळ दोन.

शेवटच्या दोन शब्दांवर काट मारलेली होती.