एका भक्तिगीताचे कर्तृत्व

मराठीतील ख्रिस्ती भक्तिगीत म्हटले की ते मूळचे इंग्रजी असणार आणि मिशनऱ्यांनी त्याचे मराठी केले असणार, असा आपला सर्वसाधारण समज असतो. अशी भाषांतरे पुष्कळ झाली, हे खरे; परंतु उलट दिशेने गेलेले गीतही आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या एका मराठी रचनेचे स्कॉटिश मिशनरी निकोल मॅक्निकल यांनी इंग्रजी रूपांतर केले व ते पाश्चात्त्य चर्चच्या गीतसंग्रहांत गेले. तेथे कवी म्हणून टिळकांचे आणि अनुवादक म्हणून मॅक्निकलांचे नाव येते. एवढ्याने कर्तृत्वाचा प्रश्न मिटतो काय?

ज्याची शिष्य म्हणवून घेण्याचीही योग्यता नाही, त्याला प्रभूने मित्र म्हणावे, या नवलापासून इंग्रजी गीत सुरू होते. पाश्चात्त्य वाचकाला येथे योहानाच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय आठवेल. तेथे येशू शिष्यांना यापुढे दास न म्हणता मित्र म्हणतो. मराठी वाचकाला मात्र नवविधा भक्तीतील सातवे दास्य व आठवे सख्य आठवल्यावाचून राहत नाही. आधी आपले उणेपण सांगावे, मग कृपेचे आश्चर्य करावे, ही तर तुकोबांची रीत. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तचरणी आलो, असे टिळक स्वतःच सांगत.

मॅक्निकलांना ही परंपरा अपरिचित नव्हती. मराठी संतांच्या अभंगांचा त्यांचा इंग्रजी अनुवाद १९१९ मध्येच प्रसिद्ध झाला. तरीही गीताला त्यांनी साचा दिला तो चर्चमधील ८-६-८-६ अवयवांच्या चरणांचा. त्यामुळे ते तेथील परिचित चालींवर गाता येऊ लागले, हा लाभ मोठा. पण अभंगात कवीचे नाव शेवटच्या चरणात गुंफलेले असते व गाणाराच्या मुखी येते. पाश्चात्त्य संग्रहात ते गीताबाहेर, बारीक अक्षरांत राहते. गाणाऱ्याला ते उच्चारावे लागत नाही.

टिळकांच्या जीवनाला वळण मिळाले ते आपल्याच मुलखात. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाने त्यांना बायबल वाचण्यास सुचविले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे हा प्रसंग मराठी घरांत पोचला. ही गाडी गोंदियावरून जाते. तेथून भरवेली फार दूर नाही. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, पण भक्तीची भाषा बदलली नाही.

मुलूख सोडून आलेल्या आपल्या घराण्यांना याचे मर्म वेगळे सांगावयास नको. नव्या ठिकाणी रुजताना जुनी बोली टाकावी लागतेच असे नाही. म्हणून त्या गीताखालील दोन नावांशेजारी तिसरे, देहूच्या वाण्याचे, नाव मराठी वाचकाने तरी वाचावे. छापणाऱ्यांनी ते वगळले, यात त्यांचा दोष नाही. आपण ते ओळखले नाही, तर मात्र तो आपला ठरेल.