दूरशिक्षण आणि हाताचे कौशल्य

नाशिकला १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. घर किंवा कामधंदा सोडून ज्यांना महाविद्यालयात जाता येत नाही, त्यांच्यापर्यंत शिक्षण न्यावे हा त्यामागचा हेतू. मालेगावसारख्या यंत्रमागांच्या गावात याचे मोल मोठे आहे. येथून नाशिक सुमारे शंभर किलोमीटर, आणि मुलीला शिकायला परगावी ठेवणे अनेक घरांना परवडत नाही. तेव्हा विद्यापीठाने रुग्णसहायकासारखे शिक्षणक्रम काढले ते योग्यच झाले. पुस्तक घरी वाचायचे, कौशल्ये रुग्णालयात शिकायची, ही कल्पनाही चांगली. अडचण आहे ती तिच्या दुसऱ्या अर्ध्या भागाची.

रक्तदाब मोजण्याचेच उदाहरण घेऊ. कृती पुस्तकाच्या एका पानात मावते. उघड्या दंडावर पट्टा बांधायचा, तो फुगवायचा, मग हवा सोडत आवाज ऐकायचे. पण दाब सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर इतक्या सावकाश उतरवावा लागतो. भराभर उतरवला तर वरचा आकडा खऱ्यापेक्षा कमी आणि खालचा जास्त येतो. हात लोंबता राहिला तर पट्टा हृदयाच्या पातळीखाली जाईल तसा दर १० सेंटिमीटरला ७ ते ८ मिलिमीटर जास्त दाब दिसतो. तेवढ्या उंचीच्या द्रवस्तंभाचा हा दाब, हे विज्ञानशिक्षकांना सांगायला नको. चूक करणाऱ्याला मात्र ती कळत नाही, कारण आकडा कसाही मिळतोच. त्या आकड्यावर कोणाला नको असलेली गोळी सुरू होते, तर खरोखर धोक्यात असलेली गरोदर बाई ‘सगळे ठीक आहे’ असे ऐकून घरी जाते.

हल्ली यावर चित्रफितीचा उपाय सांगितला जातो. २०२० मध्ये करोनाच्या काळात केंद्र सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ‘दीक्षा’ मंचावर अभ्यासक्रम ठेवले. मालेगावात तेव्हा साथ जोरात होती. माणसे एकत्र जमवून वर्ग घेणे शक्यच नव्हते. त्या वेळी ते ठीक होते. पण चित्रफितीला शिकणाऱ्याचा हात दिसत नाही, आणि तिच्यानंतरची बहुपर्यायी परीक्षा स्मरणशक्ती तपासते.

दुसरा उपाय नोंदवहीचा. शाळेतल्या प्रयोगवह्या कशा भरल्या जातात हे या मासिकाच्या वाचकांना ठाऊक आहेच! तरीही नोंदवही टाकाऊ नाही. बीपीच्या यंत्राच्या डायलवर दोन-दोन मिलिमीटरच्या रेघा असतात. नीट मोजले तर शेवटचा अंक ०, २, ४, ६, ८ यांपैकी कोणताही, साधारण सारख्याच वेळा यायला हवा. शंभर नोंदींत वीसेक शून्ये असावीत. सत्तर-ऐंशी असतील तर आकडे अंदाजाने लिहिले आहेत, किंवा बसल्या जागी भरले आहेत. ही तपासणी नाशिकला बसून होऊ शकते, आणि ती शिक्षणक्रमाचाच भाग असायला हवी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनी वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण अशा विषयांच्या पदव्या दूरशिक्षणाने देण्याला मनाई केली. पदव्यांपुरते ते बरोबर वाटते. पण रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसणारी माणसे बहुधा पदवीधर नसतात. त्यांच्या शिक्षणाचे काय, हा प्रश्न मनाईने सुटत नाही.

चूक कळल्यावर ती सुधारायला शेजारी माणूस लागतो, आणि तो गावातल्याच रुग्णालयात सापडतो. दोघांना एकाच वेळी ऐकू येईल असे, कानांच्या दोन जोड्यांचे स्टेथोस्कोप शिकवण्यासाठी मिळतात. अनुभवी सिस्टरने तो लावून विद्यार्थिनीबरोबर वीस रुग्णांचे बीपी ऐकावे, आणि दोघींनी आकडे वेगवेगळे लिहून मग ताडून पाहावेत. सिस्टरला हे तिच्या नेहमीच्या पाळीत, फुकट करायला सांगू नये. तिच्या वेळेचे मानधन पुस्तकांच्या छपाईप्रमाणे शुल्कातच धरावे. मालेगावात ती उर्दूतही समजावून सांगणारी असेल तर फारच चांगले.