शोधनौका चांगली कशी ओळखावी?

आपल्याकडे पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, चित्रपटाचेही होते. संगणकावरच्या आणि भ्रमणध्वनीवरच्या खेळांचे मात्र परीक्षण होत नाही. त्यांच्याविषयी शिक्षकांचे मत बहुधा 'वेळेचा अपव्यय' एवढ्या दोन शब्दांत संपते. पोलादपूरसारख्या डोंगराच्या पायथ्याच्या गावातही नववी-दहावीचा विद्यार्थी हातातल्या पडद्यावर अंतराळयान चालवत असतो. 'शोध' म्हणजे काय, याची त्याची कल्पना पाठ्यपुस्तकातून घडते तितकीच या यानातूनही घडत असते. म्हणून हे यान तपासून पाहणे आपल्या कामाचा भाग आहे.

अशा खेळांत लढाऊ, मालवाहू आणि शोधक अशा नौका असतात. लढाऊ नौकेची परीक्षा सोपी असते आणि मालवाहू नौकेची त्याहून सोपी. पण शोधनौका चांगली कशावरून ठरवायची? खेळाडूंचे नेहमीचे उत्तर असते, 'जी एका उडीत सर्वांत लांब जाते ती.' हे उत्तर अपुरे आहे. चार कसोट्या लावून आपण ते तपासू.

पहिली कसोटी : वजनाची किंमत

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला पायी जायचे असेल, तर पाठीवर काय घ्यायचे याचा विचार निघण्यापूर्वीच करावा लागतो. चढ हजार मीटरांहून अधिक आहे आणि पिशवीतील प्रत्येक किलो तेवढा उचलावा लागतो. चांगल्या खेळातल्या शोधनौकेला हाच नियम लागू असतो.

'एलिट' हा खेळ १९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी लिहिला. ज्या संगणकासाठी तो लिहिला त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट होती. तेवढ्यात आठ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसवले होते. ग्रहांची माहिती साठवलेली नव्हती. एका बीजसंख्येपासून ती दरवेळी नव्याने गणली जाई. नौकेची टाकी मात्र सात प्रकाशवर्षांपुरतीच होती, त्यामुळे नकाशा पाहून मार्ग आखावा लागे.

याच खेळाची नवी पिढी म्हणजे २०१४ सालचा 'एलिट डेंजरस'. त्यात आपल्या आकाशगंगेतील सुमारे ४०० अब्ज तारकासंस्था उभ्या केल्या आहेत. दूरच्या प्रवासाला निघणारा खेळाडू शस्त्रे काढून ठेवतो आणि वजनाने सर्वांत हलके सुटे भाग बसवतो, कारण वस्तुमान घटले की उडी लांबते. प्रकाशापेक्षा वेगाने जाणे भौतिकीला मान्य नाही, हे खरे. परंतु कथेला तेवढी एक सवलत दिली तरी वजनाचा नियम या खेळाने सोडलेला नाही.

याच खेळात एक दोषही आहे. 'ॲस्प एक्सप्लोरर' ही नौका सुमारे ५६ मीटर लांब, तर 'ॲनाकोंडा' १५२ मीटर. लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार केला, तर दुसरी पहिलीच्या पाचपटीहून मोठी भरते. मात्र रिकाम्या सांगाड्याचे वजन पहिलीचे २८० टन आणि दुसरीचे फक्त ४०० टन! पाचपट मोठी वस्तू दीडपटही जड नाही. या लाडावलेल्या आकड्यामुळेच बरीच वर्षे ही अवाढव्य नौका लांब उडीत पुढे राहिली. निर्मात्यांनी खेळाडूला बक्षीस दिले, पण निवड करण्याची गरज काढून घेतली. वर्गात आकारमान आणि वस्तुमान शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे. मुलांना दोष शोधायला आवडतो.

खरे यान अशी सूट घेऊ शकत नाही. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघाले तेव्हा त्याचे वस्तुमान १,३३७ किलोग्रॅम होते. त्यातील सुमारे ८५२ किलो निव्वळ इंधन आणि उपकरणे जेमतेम १५ किलो. त्सिओलकोव्हस्कीच्या सूत्रानुसार वेगात होऊ शकणारा बदल म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग गुणिले सुरुवातीच्या आणि शेवटच्या वस्तुमानांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिथम. वायूचा वेग सेकंदाला सुमारे ३ किलोमीटर धरला, तर उत्तरही सेकंदाला सुमारे ३ किलोमीटर येते. आता उपकरणे १०० किलोंनी वाढवा आणि इंधन तेवढेच ठेवा. उत्तर सेकंदाला साधारण ३५० मीटरने घटते. मंगळाच्या कक्षेत शिरताना यानाला आपला वेग सेकंदाला सुमारे १,१०० मीटरने कमी करावा लागला होता. म्हणजे त्या निर्णायक क्षणाची जवळजवळ एक तृतीयांश शक्ती आपण १०० किलोंसाठी गमावली असती.

हे गणित हाताने करून पाहायचे असेल, तर 'केर्बल स्पेस प्रोग्रॅम' हा मेक्सिकोत तयार झालेला खेळ आहे. त्याची पूर्ण आवृत्ती २०१५ साली आली. त्यात अग्निबाण तुकड्यातुकड्यांनी जोडावा लागतो. इंधन कमी पडले म्हणून टाकी वाढवली की ती टाकी उचलायलाच आणखी इंधन लागते, हे दोन-तीन अग्निबाण कोसळल्यावर मुलाला आपोआप कळते. या एका कसोटीवर तो सर्व अंतराळखेळांत श्रेष्ठ ठरतो.

दुसरी कसोटी : वाटेतील शिदोरी

'एलिट डेंजरस'मधील नौका ताऱ्याच्या जवळून जाताना त्याच्या वातावरणातून हायड्रोजन गोळा करते. पण प्रत्येक ताऱ्यापाशी नाही. ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम या वर्णपटीय प्रकारांचे तारेच इंधन देतात. ही खगोलशास्त्रातील खरी वर्गवारी आहे. जी वर्गवारी विद्यार्थी परीक्षेपुरती पाठ करून विसरतो, ती येथे जिवावर बेतते म्हणून लक्षात राहते. टाकी रिकामी असताना पुढचा तारा कोणत्या प्रकारचा आहे हे न पाहता उडी मारणारा कायमचा अडकतो.

या नियमाचे शास्त्र मात्र अर्धेच खरे आहे. श्वेतबटू किंवा न्यूट्रॉन तारा इंधन देत नाही हे पटण्यासारखे आहे, कारण श्वेतबटू मुख्यतः कार्बन आणि ऑक्सिजन यांचा असतो आणि न्यूट्रॉन ताऱ्याची तर गोष्टच निराळी. परंतु खेळातले तपकिरी बटूही इंधन देत नाहीत. प्रत्यक्षात ते बहुतांशी हायड्रोजनचेच असतात. मग नियम असा का? खेळाडूला अडचण हवी म्हणून. शिक्षकाने नेमका हाच प्रश्न फळ्यावर लिहावा.

तिसरी कसोटी : पाहण्याचे कष्ट

सुरुवातीच्या काही वर्षांत या खेळात एक कळ दाबून ठेवली की नौकेला तारकासंस्थेतील सगळे ग्रह सापडत. २०१८ च्या अखेरीस पद्धत बदलली. आता पडद्यावरच्या पट्टीवर वेगवेगळ्या ठिकाणी येणारे संकेत ओळखून एकेक ग्रह शोधावा लागतो, आणि पृष्ठभागाचा नकाशा हवा असेल तर जवळ जाऊन त्यावर शोधके सोडावी लागतात. काही खेळाडूंना हे कंटाळवाणे वाटले. माझ्या मते खेळ यामुळे सुधारला. निरीक्षण म्हणजे कळ दाबणे नव्हे, हे त्यातून थोडेसे तरी समजते.

तरीही एक मोठी उणीव राहते. ग्रह सापडला की खेळ लगेच त्याची किंमत पैशांत सांगतो. खेळाडूने काही तर्क करावा, तो चुकावा आणि पुन्हा करावा, याला जागाच नाही. संशोधनातला बहुतेक काळ आमचा चुकीचे तर्क बाद करण्यात जातो. तोच भाग गाळला, तर उरते ती फक्त गणती.

२०१९ साली आलेला 'आउटर वाइल्ड्स' हा छोटा खेळ या बाबतीत फार पुढे आहे. त्यातले यान लाकडी फळ्या आणि पत्रे ठोकून बनवल्यासारखे दिसते. त्याला शस्त्र नाही. खेळ संपेपर्यंत त्यात एकही सुधारणा होत नाही. त्यात एक नोंदवही आहे. काय पाहिले, कोणती गोष्ट कशाशी जोडलेली दिसते, कुठे अजून प्रश्न उरला आहे, हे सारे तीत साठत जाते. दर २२ मिनिटांनी तारा फुटतो, सगळे पहिल्यापासून सुरू होते, आणि खेळाडूजवळ उरते ते केवळ ज्ञान. जे दार पहिल्या दिवशी उघडता आले नाही ते शेवटी उघडते, तेव्हा यान तेच असते. शहाणा झालेला असतो चालक.

चौथी कसोटी : वार्ता घरी पोहोचणे

पोलादपूरवरून जाणारा महामार्ग गोव्याला जातो. तेथे दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिची 'गवेषणी' ही भारताची पहिली समुद्रसंशोधन नौका. ती मुळात गाळ वाहून नेणारी बार्ज होती. तिच्यात बदल करून १९७६ साली ती संशोधनासाठी सज्ज केली गेली. देखणेपणाच्या स्पर्धेत तिला कोणी उभे केले नसते. परंतु २६ जानेवारी १९८१ रोजी तिने हिंदी महासागराच्या तळावरून बहुधात्विक गोळे वर आणले. पुढे १९८७ साली खोल समुद्रातील खनिजांच्या शोधासाठी आंतरराष्ट्रीय मान्यतेने क्षेत्र मिळवणारा भारत हा पहिला देश ठरला, त्याची सुरुवात या नमुन्यांपासून झाली. गोळे तळावर लाखो वर्षे होतेच. ते प्रयोगशाळेच्या टेबलावर आले तेव्हा शोध लागला.

'एलिट डेंजरस'ने हे मर्म अचूक पकडले आहे. खेळाडूने गोळा केलेली माहिती तो स्थानकावर परत आणून देईपर्यंत तिला मोल नसते. वाटेत नौका नष्ट झाली, तर कित्येक आठवड्यांचे निरीक्षण तिच्याबरोबर जाते. म्हणून शोधनौका निवडताना लांब उडीइतकेच महत्त्व सुखरूप उतरण्याला, कमी तापण्याला आणि दुरुस्तीच्या साधनांना द्यावे लागते. खऱ्या अंतराळयानांनी दुसरा मार्ग काढला. १९७७ साली निघालेली व्हॉयेजर याने परत येणारच नव्हती. त्यांच्या अंगावरची सर्वांत ठळक वस्तू म्हणजे ३.७ मीटर व्यासाची पृथ्वीकडे रोखलेली अँटेना. वीज दरवर्षी सुमारे चार वॅटने घटत गेली, तशी एकेक उपकरणे बंद केली गेली, पण वार्ता पाठवणारे यंत्र चालू ठेवले गेले.

महाड-पोलादपूरच्या वाचकाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुरात जुना पूल वाहून गेला, आणि तो गेल्याचे न कळल्यामुळे एस.टी.च्या दोन गाड्या व इतर वाहने नदीत गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये, तसेच पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या, तेव्हा रस्ते आणि संपर्क तुटलेले होते. डोंगरात किती पाऊस झाला हे मोजणारे उपकरण कितीही अचूक असो, त्याची वार्ता वेळेत खाली पोहोचली नाही तर त्या अचूकपणाचा उपयोग काय?

निष्कर्ष आणि एक उपक्रम

चारही कसोट्या एकत्र घेतल्या, तर चांगली शोधनौका ती, जी चालकाला निवड करायला लावते, त्याच्याकडून निरीक्षणाचे कष्ट करून घेते आणि मिळालेले घरी आणण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकते. वजनाच्या बाबतीत 'केर्बल', नोंदींच्या बाबतीत 'आउटर वाइल्ड्स' आणि परतीच्या बाबतीत 'एलिट डेंजरस' उत्तम आहे. तिन्ही गुण एकाच नौकेत असलेला खेळ माझ्या पाहण्यात नाही.

तो वर्गात कागदावर मात्र खेळता येईल. चार-चार विद्यार्थ्यांचे गट करावेत. प्रत्येक गटाने महाबळेश्वरपासून बाणकोटच्या खाडीपर्यंत सावित्रीचा अभ्यास करण्यासाठी मोहीम आखावी. सगळ्या सामानाला २० किलोंची मर्यादा घालावी. त्यात पाणी आणि अन्नही आले. तापमापक, दोरी आणि वजन, नमुन्याच्या बाटल्या, पर्जन्यमापक, नोंदवही, विजेरी, भ्रमणध्वनी यांची वजने शाळेच्या तराजूवर प्रत्यक्ष मोजावीत. सामानाची यादी करण्यापूर्वी गटाने आपला प्रश्न एका वाक्यात लिहावा. उदाहरणार्थ, घाटात पाऊस पडल्यानंतर महाडला पाणी किती तासांनी चढते? मग यादीतील प्रत्येक वस्तूपुढे तिचा त्या प्रश्नाशी असलेला संबंध लिहावा, आणि मिळालेली माहिती रस्ता व संपर्क बंद असताना कोणाकडे व कशी पोहोचवणार हेही लिहावे.

गुण देताना किती वस्तू नेल्या हे पाहू नये. कोणती वस्तू का वगळली, याचे कारण ज्या गटाला नीट सांगता येईल, त्याला अधिक गुण द्यावेत. मोहिमेची तारीख मात्र पावसाळ्याआधीची धरावी.