चहा, पाणी आणि परंपरा

मुंबई विद्यापीठावर लिहायला बसलेला मराठी लेखक आधी मान वर करून राजाबाई टॉवरकडे बघतो. मग पदवीदानाचे गाऊन, गॅदरिंग, क्रिकेट आणि शेवटी कॉलेजच्या कँटीनमधला चहा. अशा आठवणी दिवाळी अंकांतून ढिगानं येतात. वाचायला गोड लागतात, खोटं कशाला बोला. पण त्या चहाच्या टेबलावर कुणाला बसता येत नव्हतं, हे काही त्यात येत नाही.

बाबासाहेब एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. १९१२ ला बी. ए. झाले. बडोद्याच्या महाराजांची महिना पंचवीस रुपये स्कॉलरशिप होती. कॉलेजातला हॉटेलवाला बामण. तो त्यांना चहा देत नसे, पाणीही देत नसे. धनंजय कीरांनी १९५४ च्या इंग्रजी चरित्रात हे सांगितलंय, पण एकदोन वाक्यांत उरकलंय. मुल्लर नावाचे प्राध्यापक पुस्तकं देत, कपडे देत, तेही तिथंच आहे.

कीरांनी निदान लिहिलं तरी. आपण काय करतो? जयंतीच्या भाषणात अठरा तासांचा अभ्यास सांगून टाळ्या घेतो अन् हॉटेलवाल्याला सोडून देतो. अरे, अठरा तास बसलेल्या त्या पोरानं पाणी कुठं प्यालं? विद्यार्थीजीवन म्हणतात ते यात आहे, मार्कांत नाही.

बरं, हा काय एकट्या हॉटेलवाल्याचा खवचटपणा होता? १९१८ ला बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. मधे कोलंबिया झालं, लंडन झालं. तरी प्राध्यापकांच्या खोलीतल्या पिण्याच्या पाण्याला त्यांनी हात लावू नये, असं काही सहकाऱ्यांचं म्हणणं! हॉटेलवाला अडाणी म्हणून सोडाल, या पदवीधरांचं काय?

याची मुळं विद्यापीठाआधीची आहेत. विद्यापीठ १८५७ चं. त्याच्या आदल्याच वर्षी धारवाडच्या एका महार पोरानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारनं नकार दिला. कारण काय, तर हा आला तर बाकीची मुलं येणार नाहीत, शाळा निकामी होईल. म्हणजे खालच्या पायरीवर दार बंद अन् वर टॉवर. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत रानडे, भांडारकर ही नावं सापडतात. आपलं नाव तिथं का नाही, याचा जाब धारवाडला विचारायचा.

बाबासाहेबांनी १९२७ साली कायदे कौन्सिलात मुंबई विद्यापीठाच्या विधेयकावर बोलताना सिनेटवर मागासवर्गाची माणसं मागितली. नुसत्या परीक्षा घेणारं विद्यापीठ त्यांना मान्य नव्हतं, हे तर ते १९२४ पासूनच सांगत होते. पण खरा बदल आला १९४६ ला, सिद्धार्थ कॉलेजनं. लष्कराच्या जुन्या बराकीत कॉलेज सुरू झालं. वर्ग सकाळी, म्हणजे पोरानं दिवसा नोकरी करावी. लेक्चर सुटलं की ऑफिस. गॅदरिंगला वेळ कुणाला? आठवणवाल्यांच्या व्याख्येत हा विद्यार्थीच बसत नाही. त्याला कँटीनच्या टेबलावर दोन तास काढायला फुरसत नव्हती, म्हणून त्याची आठवण ‘रम्य’ नाही आणि छापायलाही कुणी मागितली नाही. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाचंही तेच. १९७२ ला पँथर उभी राहिली, तिच्या कितीतरी चर्चा तिथल्या खोल्यांत झडल्या. पुढाऱ्यांवर लिहून झालं, अजून लिहितील. पण त्या खोल्यांत किती जण झोपत, मेसचं बिल थकलं की काय करत, हे कोण लिहिणार?

आता चहा कुणी नाकारत नाही म्हणतात. २२ मे २०१९ ला मुंबईतल्याच एका मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलात डॉ. पायल तडवी गेली. वरच्या वर्गातल्या डॉक्टर मुली जातीवरून छळतात, ही घरच्यांची तक्रार. त्यावर खटला उभा राहिला. एम. डी. करणारी आदिवासी पोरगी, हॉस्टेलची खोली. दोस्तांनो, परंपरेवर लिहायला बसाल तेव्हा त्या खोलीपासून सुरू करा. टॉवर मागाहून बघू.