सोफ्यामागची कला

नव्या टॉवरचा सॅम्पल फ्लॅट पाहायला गेलं की हॉलमध्ये सोफ्यामागे एक ‘मिक्स्ड मीडिया’ चित्र हमखास टांगलेलं असतं. रेझिनच्या निळ्या लाटा, त्यात सोनेरी वर्खाचा ओघळ, कडेला थोडा ताग किंवा मुद्दाम गंजवलेला पत्रा. चित्रकार कोण, असं विचारलं तर इंटिरिअरवाल्याचं नाव सांगतात. हल्ली अनेकदा दोघं एकच असतात, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. चित्र आणि सजावट यांत सोवळंओवळं पाळणाऱ्यांनी लखनौच्या रवींद्रालय या सभागृहावरचं चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांचं १९६३चं टेराकोटा भित्तिशिल्प आठवावं. तेही इमारतीसाठीच झालं होतं.

अहमदाबादचं ‘गुफा’ हे कलादालन तर याहून पुढे जातं. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी फेरोसिमेंटचे घुमट उभे केले. आत सरळ भिंत नाही, धड कोपरा नाही, चित्र टांगायची सोयच नाही. चित्रकार एम. एफ. हुसेन त्या वळणांवरच रंगवत गेले. दारं रंगवली, एअर कंडिशनरही सोडले नाहीत, खांबांमध्ये धातूच्या मानवाकृती उभ्या केल्या. वास्तू कुठे संपली आणि चित्र कुठे सुरू झालं, हे सांगता येत नाही. हुसेन यांच्या कित्येक गाजलेल्या कॅनव्हासांपेक्षा मला ही गुफा सरस वाटते.

याउलट, मुंबई विमानतळाच्या टर्मिनल दोनवर राजीव सेठी यांनी २०१४मध्ये मांडलेला ‘जय हे’ हा कलाप्रकल्प भव्य खराच. पण बोर्डिंगच्या घाईतला प्रवासी त्याकडे मान वळवून पाहतो, इतकंच.

आज बहुतेक ठिकाणी कलावंताला बोलावणं येतं ते फॉल्स सीलिंग झाल्यावर, स्पॉटलाइटच्या जागा ठरल्यावर, पडद्याचं कापड हातात देऊन. दर चौरस फुटाने. मग माध्यमांचं मिश्रण म्हणजे नुसता पोत उरतो. चित्रकार पिराजी सागरा यांच्या कामात जळलेलं लाकूड, खिळे, पितळी पत्रा हे सगळं स्वतःच्या वजनानिशी येतं. सोफ्यामागच्या चित्रात मात्र तागाच्या जागी काथ्या लावला तरी कुणाच्या लक्षात येणार नाही.

खरं तर चित्र आणि सजावट ही दोन्ही कामं जाणणाऱ्याकडे मोठं भांडवल असतं. कुठल्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, दुपारचं ऊन कुठवर पोचतं, हे त्याला साइटवरच कळतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत कागद-तागाला बुरशी धरते, पत्र्याचा गंज रंगातून वर येतो, रेझिन उन्हाने पिवळं पडतं. तरीही कोटेशनमध्ये साहित्याचा नि निगेचा उल्लेख क्वचितच असतो. लॉबीतल्या कामाखाली नाव आणि वर्ष लिहिलेली पट्टीही सहसा नसते. त्यामुळे सोसायटीने पुढचं रंगकाम काढलं, की तो तुकडा जुन्या प्लायवूडबरोबर डेब्रिजच्या टेम्पोत चढतो. अडवायला कुणाकडे कागद नसतो.